बोआ पाळायचाय? आधी पेटी, मग साप, आणि जेवण जरा कमीच

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत अधूनमधून रेप्टाइल एक्स्पो, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचं विक्री-प्रदर्शन, भरतो. झाकणाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यांत हातभर लांबीची बोआची (अजगरासारख्या, विळखा घालणाऱ्या बिनविषारी सापाची) पिल्लं ओळीनं मांडलेली असतात. लहानपणी गावाकडे सर्पमित्राच्या मागे फिरलेला मराठी माणूस त्या टेबलापाशी हमखास रेंगाळतो. साधं पिल्लू शे-दोनशे डॉलरांत मिळतं, त्यामुळे मोह आवरत नाही. हा लेख त्या टेबलापाशी पोचण्याआधी वाचायचा आहे, कारण पिल्लू घरी आणून मग पेटीची शोधाशोध करणं हा सगळ्यात वाईट क्रम आहे.

कायदा आणि घरमालक

अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २०१२ मध्ये बर्मीज अजगर, पिवळा अ‍ॅनाकोंडा वगैरे मोठे साप घातक प्रजातींच्या यादीत टाकले. २०१५ मध्ये आणखी काहींची भर पडली. बोआचंही नाव प्रस्तावात होतं, पण ते शेवटी वगळलं गेलं. म्हणजे केंद्राची आडकाठी नाही, मात्र राज्य, काउंटी आणि शहर यांचे नियम वेगवेगळे असतात. कुठे परवाना लागतो, कुठे लांबीची मर्यादा असते. हवाईत साप पाळणंच बेकायदा आहे. ऑस्ट्रेलियात परदेशी साप पाळता येत नाहीत आणि न्यूझीलंडमध्ये कुठलाच साप चालत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारातलं प्राण्यांचं कलम वाचा आणि घराच्या विम्याचे कागदही काढून बघा. काही विमा कंपन्या विळखा घालणाऱ्या सापांना सरळ नकार देतात.

भारतातल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. मांडूळ आणि डुरक्या घोणस हे आपल्याकडचे साप बोआचे दूरचे नातलग आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथला एकही रानटी साप घरी ठेवता येत नाही. परदेशी बोआ हा साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतला प्राणी आहे. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार असे प्राणी बाळगायचे तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि प्राणी कुठून आला याचा कागद दाखवावा लागतो. ‘मित्राकडून घेतला’ हे उत्तर तिथे चालत नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत परदेशी साप सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तो माल पुढे ज्या साखळीतून विकला जातो, तिच्यातली एक कडी होऊ नका.

कोणता बोआ

दुकानात ‘रेड टेल बोआ’ अशी पाटी दिसली, तरी पाळीव बोआंपैकी बहुतेक बोआ इम्परेटर असतात. यांचा मूळ प्रदेश मेक्सिकोपासून मध्य अमेरिका ते कोलंबिया. मादी साधारण सहा ते सात फुटांपर्यंत जाते, नर पाच-सहा फुटांत थांबतो. खरा बोआ कन्स्ट्रिक्टर सुरिनाम, गयाना, पेरू, ब्राझील या भागांतला. शेपटीवरचा तांबूस रंग त्याचा जास्त उठावदार असतो, पण तो अंगानं मोठा आणि पोटानं नाजूक. पचनाच्या बाबतीत त्याला चुका खपत नाहीत. पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं इम्परेटरच घ्यावा, आणि शक्यतो नर. फूटभर कमी लांबी म्हणजे वजनात जवळजवळ निम्मा फरक, हे साप उचलताना कळतं.

पिल्लू बंदिस्त पैदाशीचं असावं. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. विकणाऱ्याला जन्मतारीख विचारा, आतापर्यंत किती वेळा जेवला आणि शेवटचं काय खाल्लं ते विचारा. चांगला ब्रीडर हे सगळं डब्यावरच्या चिठ्ठीत लिहून ठेवतो. हातात घेतल्यावर पिल्लानं बोटांना घट्ट धरलं पाहिजे. तोंडाशी फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, खवल्यांखाली हलणारे काळे ठिपके (ते माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडे असतात) यातलं काहीही दिसलं तर पुढच्या टेबलाकडे वळा.

आणि आयुष्याचा हिशेब करा. नीट सांभाळलेला बोआ वीस-तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ १९७७ मध्ये वारला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. आज मूल पहिलीत असेल, तर ते नोकरीला लागून घर सोडून गेल्यावरही साप तुमच्याकडेच असणार.

पेटी: साप येण्याच्या दोन आठवडे आधी

पिल्लाला तीन फुटी पेटी पुरते, मोठ्या बोआला किमान सहा फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. सात फुटी मादी असेल तर आठ फुटी पेटीचा विचार करा. पुढून सरकत्या काचा असलेली पीव्हीसीची पेटी सगळ्यात सोयीची, कारण तिच्यात ओलावा टिकतो. जाळीचं झाकण असलेली माशांची टाकी स्वस्त पडते, पण अमेरिकेतल्या हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की दोन दिवसांत कोरडीठाक होते.

एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. साप स्वतःच्या गरजेनुसार इकडून तिकडे सरकतो, आपण फक्त दोन्ही पर्याय द्यायचे. उबदार टोकाला, साप बसतो त्या पृष्ठभागावर, ८८ ते ९२ अंश फॅरनहाइट (३१ ते ३३ सेल्सिअस). गार टोकाला ७८ ते ८२ (२६ ते २८ सेल्सिअस). रात्री ७५ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी छताला रेडिएंट पॅनल किंवा सिरॅमिक हीटर लावा, आणि सापाला चिकटता येणार नाही अशी जाळी त्याभोवती हवीच. दुकानात मिळणारा गरम होणारा नकली दगड घेऊ नका. पोट भाजेपर्यंत साप त्याच्यावरून हलत नाही.

हीटर चालू-बंद करून तपमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर पैसे वाचवायचे नाहीत. सापापेक्षा थर्मोस्टॅट महाग पडला तरी तो घ्यावा. त्याचा प्रोब (तपमान टिपणारं वायरीचं टोक) उबदार टोकाला पक्का बांधा. सुटून पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं गारठा आहे, आणि तो हीटर अखंड चालू ठेवतो. तपमान काचेवर चिकटवलेल्या गोल डायलवरून न बघता वीस डॉलरच्या इन्फ्रारेड गननं मोजा.

दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा, इतकी तंग की सापाच्या अंगाला चारी बाजूंनी टेकेल. आपल्याला ऐसपैस घर आवडतं, त्याला अडचण आवडते. खाली नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा सायप्रस मल्च (सायप्रस झाडाचा लाकूडचुरा) पसरा. पाइन आणि सीडरचा भुसा टाळा, त्यातली तेलं सापाच्या फुप्फुसांना त्रासदायक असतात. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास राहू द्या. पाण्याचं भांडं जड आणि इतकं मोठं असावं की हवं तर साप वेटोळं करून आत बसेल. पाणी रोज बदला. पिल्लांना फांद्यांवर चढायला आवडतं, तेव्हा एखादी जाड फांदी घट्ट बसवून द्या.

आणि कुलूप. सरकत्या काचांना शोकेसचं छोटं कुलूप मिळतं, ते पहिल्या दिवसापासून लावा. बोआ दिवसभर ढिम्म पडून असतो, रात्री मात्र नाकानं काचेची प्रत्येक फट चाचपून बघतो.

पेटी तयार झाली की साप नसतानाच आठवडाभर चालवून बघा. दिवसा, रात्री, हीटिंग चालू आणि बंद असताना आकडे लिहून ठेवा. ते स्थिर झाले की मग एक्स्पोला जा.

पहिले दोन आठवडे

साप आणला की पेटीत सोडा, काच लावा, आणि बाजूला व्हा. हाताळू नका, फोटोसाठी बाहेर काढू नका. शेजारच्या मुलांना दाखवण्याची घाई नको. पहिलं जेवण सात ते दहा दिवसांनी द्या. घरात आधीचा साप असेल तर नवा किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, त्याला भुशाऐवजी पेपर टॉवेलवर ठेवा, आणि त्याची भांडी-चिमटे वेगळे असू द्या. हे माइटमुळे आणि आयबीडी नावाच्या आजारामुळे. या विषाणूजन्य आजारावर औषध नाही, आणि बाधित बोआ कित्येक महिने वरवर ठणठणीत दिसू शकतो. रक्ततपासणीतून त्याचा माग लागू शकतो. महाग साप घेतला असेल तर ती करून घ्या.

जेवण

बोआ पाळणारे नवखे लोक सापाला उपाशी ठेवून त्याचा घात करत नाहीत, भरवून करतात. यात आपला स्वभावही आड येतो. समोरचा खातोय म्हटल्यावर आग्रह करायचा, ही आपली सवय. बोआ तर कधीच पुरे म्हणत नाही, उंदीर दाखवला की झेप घेणारच. पण त्याचं पचन फार संथ. रानात त्याला महिनोन्महिने काही न मिळण्याची सवय असते. दर आठवड्याला खाऊ घातलेलं पिल्लू दोन वर्षांत भराभर वाढतं. त्याची लांबी बघून आपण खूश होतो, आणि तोवर आत यकृताभोवती चरबी साठत गेलेली असते.

म्हणून वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, पण तो फक्त सापासाठी ठेवा. महिन्यातून एकदा डब्यात घालून वजन करा आणि वहीत लिहा.

पहिल्या वर्षी दर दहा ते चौदा दिवसांनी सापाच्या वजनाच्या सात ते दहा टक्के एवढं भक्ष्य. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला आठ-दहा ग्रॅमचा, केस फुटलेला लहान माउस पुरतो. दुसऱ्या वर्षी अंतर दोन ते तीन आठवडे, प्रमाण पाच-सात टक्के. तिसऱ्या वर्षापासून महिन्याला एक. पूर्ण वाढ झाली की चार ते सहा आठवड्यांतून एकदा. अडीच किलोच्या नराला सव्वाशे ग्रॅमचा मध्यम रॅट (माउसपेक्षा मोठ्या जातीचा उंदीर), पाच किलोच्या मादीला अडीचशे ग्रॅमचा मोठा. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वात जाड भागापेक्षा जास्त नको. गिळल्यावर पोटाला किंचित फुगवटा दिसावा, मोठा गोळा नको.

आकडे पाठ करण्यापेक्षा अंग वाचायला शिका. निरोगी बोआचा आडवा छेद ब्रेडच्या स्लाइससारखा असतो, खाली सपाट, बाजू उभ्या, वर गोलसर. पाठीचा कणा धारेसारखा वर आला तर रोडावलाय. कण्याच्या जागी खोलगट रेघ दिसली, किंवा वळताना अंगावर घड्या पडल्या, तर जेवणातलं अंतर वाढवा. उपवास त्याला जड जात नाही.

अमेरिकेत रॅट गोठवलेलेच घ्या. पिंकी, फझी, पप, वीन्ड, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत ते मिळतात, आणि ऑनलाइन मागवले की ड्राय आइसच्या खोक्यात दारी येतात. जिवंत उंदीर सोडू नका. साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडतो, आणि बोआच्या पाठीवर तशा खुणा जन्मभर राहतात. उंदराच्याही जिवाचे हाल होतात, ते वेगळंच.

आता फ्रीझर. रॅट घरातल्या अन्नाबरोबर ठेवू नका, भले तिहेरी पिशवीत असोत. साल्मोनेलाचा धोका खरा आहे आणि गोठवल्यानं ते जंतू मरत नाहीत. गॅरेजमध्ये एक छोटा वेगळा फ्रीझर घ्या आणि त्यावर मराठीत मोठी चिठ्ठी लावा. आमच्याकडे सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. आइसक्रीम असेल म्हणून त्यांनी झाकण उघडलं, शांतपणे बंद केलं आणि मला म्हणाल्या, “अगं, आमच्या देवघराची भिंत ह्याला लागून नाहीये ना?” चिठ्ठी त्या संध्याकाळी लागली. शाकाहारी घरात हा विषय साप आणायच्या आधी बोलून घ्या, नंतर तो सापाच्या अंगावर शेकतो.

उंदीर वितळवणं आणि देणं

झिपच्या पिशवीत घातलेला रॅट सकाळी गार पाण्याच्या बादलीत टाका. बादली बाथरूममध्ये ठेवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. माप लहान असेल तर तासाभरात, मोठ्याला तीन-चार तास. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आतून शिजतो किंवा फुटतो. वितळला की पिशवीवरून पोट दाबून बघा. मध्ये कडक लागलं तर अजून बर्फ आहे, आणि गार गाभ्याचा रॅट सापाच्या पोटात सडतो. मग नळाच्या कडकडीत पाण्यात पिशवी दहा-पंधरा मिनिटं. बाहेर काढून पेपर टॉवेलनं कोरडा करा आणि इन्फ्रारेड गननं डोकं मोजा, शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास हवं.

संध्याकाळी, दिवे मंद करून, फूट-दीड फूट लांब चिमट्यानं रॅटला कमरेशी धरा, डोकं सापाकडे. अंग हलकेच हलवा. बोआ आधी जीभ चालवतो, मान इंग्रजी एससारखी मागे घेतो आणि मग इतक्या वेगानं येतो की चिमटा हातात हलल्यावरच कळतं. दोन-तीन विळखे पडतात. लगेच काच लावू नका, चिमट्यानं रॅटला थोडे हिसके देत राहा. पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी मेलेल्या उबदार उंदरांत कृत्रिम हृदय बसवून पाहिलं होतं. ठोके जाणवले की बोआनं जास्त वेळ आणि जास्त जोरानं आवळलं. २०१५ मध्ये त्याच गटानं दाखवलं की विळख्यातलं भक्ष्य गुदमरण्याआधीच रक्ताभिसरण थांबून जातं. मेलेल्या रॅटला ठोके नाहीत, तेव्हा ती हालचाल आपण पुरवायची. सापाला जरा कष्ट पडू द्यावेत.

पाच-दहा मिनिटांनी विळखा सैलावतो. बोआ नाकानं रॅटचं तोंड शोधतो, कधी उलट्या टोकालाही जाऊन परत येतो. मग जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, असं गिळणं सुरू होतं. शेपटी आत जाईपर्यंत समोर उभं राहू नका, लाजाळू साप अर्धवट टाकून देतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात सांगतील की वेगळ्या डब्यात खायला द्या, नाहीतर पेटीत हात घातला की चावेल. त्यात तथ्य नाही. भरल्या पोटी उचलण्यानंच जास्त गडबड होते. पेटीतच द्या.

त्यानंतर किमान तीन दिवस, मोठं भक्ष्य असेल तर पाच दिवस, सापाला हात लावायचा नाही.

खात नाही किंवा बाहेर टाकलं

न खाणं बहुधा आजार नसतो. डोळे दुधाळ झालेत म्हणजे कात टाकायची वेळ आली, तेव्हा द्यायचंच नाही. हिवाळ्यात मोठे नर माजावर येतात आणि महिन्या-दोन महिन्यांसाठी अन्नावरची वासना उडते. रॅट अर्ध्या तासात उचलला नाही तर फेकून द्या, परत गोठवू नका, आणि पुढचा प्रयत्न दोन आठवड्यांनी. वजन स्थिर असेपर्यंत चिंता नाही. तपमान मात्र तपासा.

उलटी ही गंभीर गोष्ट आहे. अर्धवट पचलेला, भयंकर वासाचा रॅट पेटीत दिसला तर कारण शोधा: मोठा होता, पेटी गार होती, की कुणीतरी लवकर उचललं? सापाच्या पोटातलं आम्ल आणि जिवाणू दोन्ही बाहेर गेलेले असतात, ते भरून यायला वेळ लागतो. तीन आठवडे काही देऊ नका, पाणी ठेवा. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, आणि पुढची दोन-तीन जेवणं तेवढंच. दुसऱ्यांदा उलटी झाली की डॉक्टर गाठा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर साप बघत नाहीत. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची अमेरिकेतली संघटना, एआरएव्ही, आपल्या संकेतस्थळावर डॉक्टरांची यादी ठेवते. साप धडधाकट असतानाच त्यातलं जवळचं नाव शोधून ठेवा.

हाताळणी

पेटी उघडली की आधी लांब हुकानं सापाच्या अंगाला हलकेच स्पर्श करा. काही दिवसांत त्याला कळतं: हुक लागला म्हणजे जेवण नाही. मग मधून उचला, अंगाला खालून आधार द्या. डोक्यावरून झडप घालू नका, शिकारी पक्षी तसाच येतो. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली. फुत्कारला तर घाबरू नका, बोआ फार नाटकी फुत्कारतो.

साप सहा फुटांवर गेला की घरात दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय बाहेर काढू नका. गळ्यात घालून फोटो नाहीत. विळखा घट्ट झाला तर शेपटीकडून सोडवत या, डोक्याकडून ओढू नका. चावून धरून ठेवलं तर खेचू नका, दात मागे वळलेले असतात आणि तुमचीच कातडी फाटते. तोंडाच्या कडेला थोडा माउथवॉश ओतला की सहसा सोडतो.

हात साबणानं धुवा, आधीही आणि नंतरही. आधी यासाठी की हाताला उंदराचा किंवा चिकनचा वास असला तर तो हातच भक्ष्य वाटतो. पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीच्या पुढचं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर साप ठेवू नये, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं म्हणणं आहे. आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर हे त्यातच धरा.

कात

डोळे निळसर-दुधाळ होतात, चार-पाच दिवसांनी परत स्वच्छ होतात, आणि आणखी चार-सहा दिवसांत कात पडते. या काळात ओलावा सत्तरच्या वर न्या. चांगली कात मोज्यासारखी उलटी, अखंड निघते. ती उलगडून डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्या आणि शेपटीचं टोक शोधा. चकती डोळ्यावरच राहिली असेल तर नखानं काढू नका, ओल्या उबदार टॉवेलच्या पिशवीत सापाला वीस मिनिटं ठेवा किंवा पुढच्या कातीची वाट बघा. काती निरखताना गुदद्वाराशेजारी दोन छोट्या नख्यांचे ठसे दिसतात. ते मागच्या पायांचे अवशेष. नरात ते मोठे असतात.

वीज गेली, किंवा गावाला जायचंय

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळानं दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा साप पाळणाऱ्यांची फार तारांबळ उडाली. थर्माकोलचा खोका, सापाला घालायला उशीचा अभ्रा आणि हात गरम ठेवायची पाकिटं एवढं घरात असू द्या. पाकिटं खोक्यात, अभ्र्याच्या बाहेर आणि सापापासून दूर. गारठलेल्या सापाला खायला देऊ नका.

महिनाभर भारतात जाताना मोठ्या बोआच्या जेवणाची काळजी नसते. निघण्याआधी दहा दिवस शेवटचं जेवण द्या म्हणजे पोट रिकामं होईल, आणि आल्यावर पुढचं. पण पाणी आणि तपमान बघायला दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी आलंच पाहिजे. त्याला थर्मोस्टॅटचे आकडे, डॉक्टरांचा फोन आणि कुलपाची किल्ली लिहून-सांगून द्या, आणि पेटी उघडून साप हाताळायचा नाही हे दोनदा सांगा.